हिमालयात निघालात? आधी थंडीला ओळखा

२०२४ चा जून सुरू झाला तेव्हा दिल्लीपासून नागपूरपर्यंत माणसे उन्हाने हैराण झाली होती. त्याच दिवसांत उत्तराखंडातल्या सहस्रतालच्या वाटेवर २२ जणांची एक तुकडी हिमवादळात सापडली. बहुतेक जण कर्नाटकातून आलेले हौशी गिर्यारोहक होते, सोबत स्थानिक वाटाडे होते. चौदा हजार फुटांच्या आसपास हवा फिरली, वारा सुटला, बर्फ पडू लागला आणि पुढची वाट दिसेनाशी झाली. त्या तुकडीतले ९ जण दगावले. नवखे होते म्हणून असे झाले, असे म्हणून ही गोष्ट सोडून देता येत नाही. मृतांमध्ये वर्षानुवर्षे डोंगर चढलेले लोक होते.

त्याच्या तीन वर्षे आधी, २२ मे २०२१ रोजी, चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत झाली. १७२ धावपटू सकाळी अर्ध्या चड्ड्या आणि पातळ बनियन अशा वेशात निघाले. गरम कपड्यांच्या पिशव्या अनेकांनी पुढच्या ठाण्यावर पाठवून दिल्या होत्या. दुपारी उंचावरच्या टापूत गारा, पाऊस आणि झोडपणाऱ्या वाऱ्याने त्यांना गाठले. २१ जण मरण पावले. त्यात चीनचे नामवंत धावपटूही होते. सहा जण वाचले ते एका मेंढपाळामुळे. वादळ आले म्हणून तो स्वतः एका गुहेत शिरला होता. त्याने या धावपटूंना आत घेतले, जाळ पेटवला आणि पांघरायला दिले.

दोन्ही दुर्घटना मे-जूनमधल्या आहेत, हे लक्षात घ्यायला हवे. नाताळाच्या सुटीत केदारकंठ्याला किंवा मनालीला निघालेले कुटुंब थंडीची थोडीफार तयारी तरी करते. 'आता कसली थंडी' असे म्हणून निघणारा मात्र बेसावध असतो. थंडीने माणूस मरायला पारा शून्याखाली जावा लागत नाही. अंग ओले असेल, वारा वाहत असेल आणि माणूस थकलेला, उपाशी असेल तर दहा अंशही पुरतात. श्रावणात सह्याद्रीच्या एखाद्या उघड्या माथ्यावर चिंब भिजून तासभर वाऱ्यात बसलेल्या मुलांचे ओठ निळे पडतात आणि दात वाजू लागतात, ती याच संकटाची पहिली पायरी असते.

ओल आणि वारा

आपल्या शरीराचे आतले तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असते. ते ३५ च्या खाली उतरले की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. नुसते दोन अंश! तापात दोन अंश चढले तर घरात धावपळ उडते, पण दोन अंश उतरले तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. घरातल्या साध्या थर्मामीटरवर ते नीट कळतही नाही.

पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून घेते. हे पाणी पावसाचेच असायला हवे असे नाही. चढावर जाड जाकीट घालून भराभर चालणारा माणूस घामाने आतून भिजतो. माथ्यावर पोचून थांबला की तोच घाम गार होतो. म्हणून पहाडी वाटाडे चढ सुरू होण्यापूर्वी अंगावरचा एक कपडा उतरवतात आणि थांबल्याबरोबर पुन्हा चढवतात. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, असे ते सांगतात. शहरी पाहुण्यांना ते विचित्र वाटते.

वाऱ्याचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. हवेचे तापमान उणे १० अंश असताना ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा सुटला तर उघड्या कातडीला ते उणे २० अंशांसारखे लागते. शिवाय उंचीचा हिशोब वेगळा. दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. केदारकंठ्याच्या पायथ्याचे सांक्री गाव आणि शिखर यांच्या उंचीत १,८०० मीटरहून जास्त फरक आहे. म्हणजे गावात शून्य अंश असतील तर माथ्यावर उणे १२ धरून चालावे, आणि तेही वारा नसताना. त्यात सूर्योदय पाहण्याच्या हौसेने बहुतेक तुकड्या मध्यरात्रीनंतर निघतात, म्हणजे दिवसातली सर्वांत गार वेळ चढण्यात जाते. वर पोचल्यावर फोटोंसाठी हातमोजे काढून अर्धा-अर्धा तास उभे राहणारे उत्साही लोकही काही कमी नसतात.

डोके चालेनासे होते

थंडीचा खरा धोका वेगळाच आहे. ती हातपाय निकामी करण्याआधी माणसाचा विचार बिघडवते.

सुरुवातीला हुडहुडी भरते. हा शरीराचा बचाव असतो. स्नायू थरथरवून शरीर विश्रांतीच्या काही पट उष्णता तयार करते, पण त्यासाठी त्याला इंधन लागते. पोट रिकामे असेल तर थरथर फार वेळ टिकत नाही. या टप्प्यावर माणूस शुद्धीवर असतो, चालतो, बोलतो. पण बारीकसारीक गोष्टी चुकू लागतात. जाकिटाची चेन लावता येत नाही. हातातली बाटली निसटते. पाय अडखळतो. बोलणे पुटपुटल्यासारखे येते. एरवी हसतमुख असणारा चिडचिड करू लागतो, किंवा उलट एकदम गप्प होऊन मागे मागे राहतो.

आणि विचारले तर तो म्हणतो, 'मला काही झालेले नाही.'

तो खोटे बोलत नसतो. त्याला खरेच तसे वाटत असते. आपली अवस्था ओळखण्यासाठी जो मेंदू लागतो, तोच गारठलेला असतो. आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते. तुकडीला आपल्यामुळे थांबावे लागू नये, बायकोमुलांसमोर हसे होऊ नये, 'एवढे पैसे भरून आलो आणि परत फिरायचे?' असल्या विचारांनी माणसे गारठा सोसत राहतात. सोसण्याला आपण फार मोठा गुण मानतो. डोंगरावर तो गुण नाही.

शरीराचे तापमान ३२ अंशांच्या खाली जाऊ लागले की थरथर हळूहळू थांबते. सोबत्यांना वाटते, बरे झाले, आता याला थंडी वाजत नाही. प्रत्यक्षात ही सर्वांत वाईट खूण आहे. यानंतर गुंगी येते, काही जण असंबद्ध बडबडतात. शेवटच्या टप्प्यात काही माणसे अंगावरचे कपडे काढून फेकतात. आखडलेल्या रक्तवाहिन्या अचानक सैल पडून अंगाची आग होते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. बर्फात मृतदेह अर्धवट उघडे सापडतात, तेव्हा नातलगांच्या मनात नाही नाही त्या शंका येतात. कारण पुष्कळदा एवढेच असते.

म्हणूनच थंडीत स्वतःच्या भरवशावर राहता येत नाही, दुसऱ्याचा डोळा लागतो. सैन्यात 'बडी' म्हणजे जोडीदाराची पद्धत असते. ट्रेकवरही दोघा-दोघांच्या जोड्या लावाव्यात आणि त्यांनी तासातासाला एकमेकांकडे नीट पाहावे. संशय आला तर सोप्या परीक्षा आहेत. अंगठा करंगळीला टेकवायला सांगा. सरळ रेषेत पंधरा पावले चालायला सांगा. शंभरातून सात-सात वजा करायला सांगा (गणितात मुळातच कच्चा असेल त्याला गावाचे पिनकोड विचारावे). जमले नाही तर त्याचे 'मी ठीक आहे' ऐकायचे नाही, थांबायचे.

उंचीवर विरळ हवेचा त्रास आणि थंडीचा त्रास यांची गल्लत होते. अडखळणे आणि गोंधळणे दोन्हींत असते. कोणता त्रास आहे याचा निवाडा तिथे करत बसू नये. अंग कोरडे आणि उबदार करावे आणि माणसाला खाली उतरवावे, दोन्हींत ते योग्यच ठरते.

घोंगडीचे शहाणपण

सह्याद्रीतला धनगर भर पावसात डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन मेंढरांमागे उभा असतो. लोकर ओली झाली तरी बरीचशी ऊब धरून ठेवते. सुती कापड ओले झाले की अंगाला चिकटते आणि उलट ऊब ओढून नेते. आपल्याकडचे टी-शर्ट, जीन्स, बनियन, पायमोजे सगळे सुती. बर्फात जीन्स घालून जाणे म्हणजे पायांना ओली पट्टी बांधून घेणे आहे.

कपडे तीन थरांत घालावेत. अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारा लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, त्यावर ऊब धरणारे लोकरीचे किंवा फ्लीसचे कपडे, आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारे जाकीट. एका अवजड कोटापेक्षा हे बरे, कारण थर काढता-घालता येतात. डोक्यावाटे शरीराची निम्मी उष्णता निघून जाते असे पुष्कळ ठिकाणी छापलेले असते, ते खरे नाही. डोके शरीराच्या पृष्ठभागाचा दहावा भाग, उष्णताही साधारण तेवढीच जाते. तरी कानटोपी हवीच, कारण बाकी अंग झाकल्यावर उघडे राहते ते तेवढेच. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चार बोटे एकत्र ठेवणारे मोजे अधिक उबदार असतात. पायमोज्यांचा एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा आणि झोपतानाच बाहेर काढावा.

भाड्याचे बूट आणि कोट हे मनाली-गुलमर्गच्या सहलीतले नेहमीचे प्रकरण. आदल्या गिऱ्हाइकाच्या घामाने किंवा बर्फाने आतून ओलसर राहिलेले गमबूट घाईत पायांत चढवले जातात. घेण्यापूर्वी आत हात घालून पाहावे. थंडी वाजू नये म्हणून दोन-दोन पायमोजे कोंबून बूट घट्ट केला तर रक्त पोचत नाही आणि बोटे लवकर गारठतात. बोटे आत हलली पाहिजेत. गुलमर्गचा गंडोला मुंबई-पुण्याच्या माणसाला थोड्या वेळात तेरा हजार फुटांच्या आसपास नेऊन सोडतो. तेवढ्यापुरतेही ही काळजी घ्यावी लागते.

खाण्यापिण्यात हात आखडता घेऊ नये. गूळ-शेंगदाण्याची चिक्की, खजूर, लाडू खिशात ठेवून चालता चालता खावेत. तहान लागत नाही म्हणून पाणी टाळू नये. थंडीत लघवी जास्त होते आणि श्वासावाटेही पाणी जाते. मद्याबद्दलचा समज तर फारच पक्का आहे. दोन घोटांनी ऊब आल्यासारखी वाटते, कारण कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात. पण त्याच वाटेने शरीराच्या आतली उष्णता बाहेर पडते आणि आधीच मंदावलेले डोके आणखी मंदावते. तंबाखू आणि सिगारेटने उलट रक्तवाहिन्या आखडतात. बोटांच्या दृष्टीने तेही वाईटच.

शेगडी आणि मोटार

थंडीपासून बचाव करताना झालेले मृत्यू वेगळेच. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन येथे केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या एकाच खोलीत मरण पावले. त्यांत चार मुले होती. दारे-खिडक्या बंद करून गॅसचा हीटर रात्रभर चालू ठेवला होता. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या मोटारींत वीसहून अधिक माणसे गेली. थंडीबरोबरच मोटारीतला वायूही त्यांतल्या काहींच्या मृत्यूला कारण ठरला.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, मळमळते, झोप येते. डोंगरात ही सगळी लक्षणे 'उंचीमुळे होत असेल' म्हणून खपून जातात. कोळशाची शेगडी, गॅसचा हीटर, स्टोव्ह यांतले काहीही बंद खोलीत किंवा तंबूत पेटते ठेवून झोपू नये. खोली ऊबदार करून, शेगडी बाहेर काढून, मग झोपावे.

मोटारीचा प्रश्न आपल्यासाठी दूरचा राहिलेला नाही. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून हिवाळ्यात लाहौलकडे जाणारी गर्दी वाढली. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या टप्प्यात शेकडो वाहने बर्फात अडकून पडली होती, पोलिसांना पर्यटक बाहेर काढावे लागले. असे अडकल्यास गाडी सोडून चालत सुटू नये. मागच्या धुराच्या नळीभोवतीचा बर्फ पुन्हा पुन्हा उकरावा, इंजिन तासातून दहा मिनिटेच चालवावे आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी बोटभर उघडी ठेवावी. प्रत्येकासाठी एक घोंगडी किंवा रजाई, पाणी आणि कोरडे खाणे गाडीच्या डिकीत नव्हे, आत ठेवावे.

कोणी गारठलाच तर

पहिले काम वाऱ्यापासून आडोसा. दुसरे, त्याच्याखाली काहीतरी घालणे. पाठपिशव्या, चटई, दोर, जे असेल ते. गार जमीन उष्णता ओढत राहते आणि बहुतेक लोक वरून दोन रजया घालतात, खाली काहीच नाही. आडोसा मिळाल्यावर ओले कपडे काढून कोरडे घालावेत. शक्य नसेल तर ओल्या कपड्यांवरूनच प्लॅस्टिक गुंडाळून त्यावर पांघरूण घालावे. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून छातीशी आणि काखेत ठेवाव्यात. तो नीट शुद्धीवर असेल, पेला स्वतः धरू शकत असेल, तर गरम गोड पाणी किंवा भरपूर साखरेचा चहा द्यावा. अर्धशुद्धीत असलेल्याच्या तोंडात काहीही ओतू नये.

हातपाय चोळणे हा आपला पहिला उपाय असतो. तो करू नये. चोळण्याने आणि आदळआपट करण्याने गारठलेल्या हृदयाची लय बिघडू शकते. थरथर थांबलेल्या, गुंगीत गेलेल्या माणसाला उभे करू नये, चालवू नये. आडवे ठेवून, हळुवार उचलूनच न्यावे.

आणि मेला असे ठरवण्याची घाई करू नये. गारठलेल्या माणसाचा श्वास आणि नाडी इतकी मंद होते की पूर्ण एक मिनिट लक्ष देऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. मे १९९९ मध्ये नॉर्वेत स्कीइंग करताना अ‍ॅना बोगेनहोल्म ही स्वीडिश तरुण डॉक्टर ओढ्यावरच्या बर्फाखाली ८० मिनिटे अडकली. बाहेर काढली तेव्हा हृदय बंद होते. शरीराचे तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरले होते. सोबत्यांनी आणि बचाव पथकाने प्रयत्न सोडले नाहीत, रुग्णालयात तिचे रक्त शरीराबाहेरच्या यंत्रातून ऊबदार करण्यात आले. ती जगली आणि पुढे त्याच रुग्णालयात काम करू लागली. असा योग क्वचितच येतो. पण 'ऊब देऊनही हालचाल नाही' असे डॉक्टरांनी म्हणेपर्यंत प्रयत्न सोडायचे नाहीत, हा नियम तेव्हापासून साऱ्या जगात अधिकच पक्का झाला.

हाता-पायाची बोटे, नाक, कान आणि गाल यांना हिमदंशाचा धोका असतो. आधी दुखते, मग दुखायचे थांबते आणि कातडी पांढरट, मेणासारखी दिसते. तिथे बर्फ चोळण्याचा सल्ला अजून ऐकू येतो. १८१२ मध्ये नेपोलियनची फौज रशियातून माघारी फिरली, तेव्हा तिचा शल्यविशारद लारे याने तो दिला होता. शेकोटीजवळ बधिर पाय धरून भाजून घेणारे सैनिक पाहिल्यावर त्याला बर्फ बरा वाटला असावा. दोन्ही उपाय चुकीचेच. सुजण्यापूर्वी अंगठ्या काढाव्यात. सुरक्षित ठिकाणी पोचल्यावरच भाग ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावा. बाळाच्या अंघोळीचे पाणी कोपराने पाहतात तसे ते दुसऱ्या कोणी पाहावे, कारण बधिर बोटाला चटका कळत नाही. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर मात्र भाग वितळवू नये. वितळून पुन्हा गोठलेल्या बोटाची हानी फार जास्त होते.

निघण्यापूर्वी

लहान मुले मोठ्यांपेक्षा लवकर गारठतात आणि खेळाच्या नादात सांगत नाहीत. म्हाताऱ्यांना थरथर कमी येते. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना बोट गोठल्याचे कळत नाही. हृदयरोग्यांना थंडीचा ताण वेगळा. या सर्वांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बर्फात जाऊ नये.

हिवाळी ट्रेकच्या जाहिराती आता घरबसल्या मोबाइलवर येतात. त्यातला जेवणाचा मेनू सविस्तर दिलेला असतो. विचारायच्या गोष्टी दुसऱ्याच असतात. तुकडीत किती जण आणि वाटाडे किती? सर्वांत मागे कोण चालणार? जादा झोपपिशवी आणि ऑक्सिजन कोणाजवळ असेल, पहिल्या तंबूत की चालणाऱ्याच्या पाठीवर? हवा बिघडली तर परत फिरण्याचा अधिकार कोणाचा, आणि पैसे परत मिळतात का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असले तर लोक शिखराचा हट्ट सोडत नाहीत. म्हणून परत फिरण्याची वेळ घरातून निघतानाच ठरवावी, डोके जागेवर असताना. दुपारी बारापर्यंत पोचलो नाही तर जिथे असू तिथून मागे, असा साधा करार पुरतो.

हिमालयातल्या बऱ्याच वाटांवर मोबाइल चालत नाही आणि उपग्रह फोन परवानगीशिवाय बाळगण्याला भारतात बंदी आहे. त्यामुळे वनखात्याच्या चौकीवर नोंद न करता पुढे जाऊ नये. घरीही एक कागद ठेवून जावे. त्यावर कोणत्या वाटेने, कोणाबरोबर, कोणत्या रात्री कुठे मुक्काम, वाटाड्याचे नाव आणि फोन, आयोजकाचा फोन हे लिहावे. आणि खाली एक तारीख व वेळ: तोपर्यंत फोन आला नाही तर आयोजकाला विचारायचे, त्याच्याकडून समाधान झाले नाही तर ११२ वर कळवायचे.